ईशान्य कोपऱ्यातली रेघ

मुरुम, फाल्गुन वद्य ३, शके १८६६

चि. नागम्मास महालिंगप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आमचा मेहुणा कल्याणप्पा गेल्यानंतरचं तुझं पहिलंच पत्र, म्हणून हात धुऊन, बैठक मारून उघडलं. धीराचे चार शब्द लिहावे लागतील म्हणून ते मनात जुळवूनही ठेवले होते. आत पाहतो तर, 'अण्णा, मला नवकंकरी शिकवा. पंचमीच्या आत आली पाहिजे.' माझे चार शब्द वाया गेले.

का शिकायची, हे तू लिहिलं नाहीस. आमच्या सोप्यात बसून माझ्याबरोबर मुळाक्षरं गिरवायचीस, तेव्हाही तुझं असंच होतं. मावशी विचारायची, 'पोरीच्या जातीला कशाला गं हे?' तू म्हणायचीस, 'येत असलं तर शिकवा, नसलं तर तसं सांगा.' मला येतं. वाण्याच्या पोरानं तराजू सोडून काशीत व्याकरण केलं, त्यातून पोट जेमतेम भरलं. पण घाटावरच्या एका म्हाताऱ्यानं शिकवलेली नवकंकरी अजून हातात आहे.

तर ऐक. पाटावर कोळशानं एकात एक असे तीन चौकोन काढ. तिन्हींच्या बाजूंचे मध्य एकमेकांना रेघेनं जोड. कोपरे मात्र जोडायचे नाहीत; नवशिके नेमके तिथंच चुकतात. जिथं रेघा मिळतात ते घर. दोघांनी नऊ-नऊ गोट्या घ्यायच्या, आळीपाळीनं एकेक ठेवायची. ठेवून झाल्या की रेघेवरून शेजारच्या मोकळ्या घरात सरकवायची. आपल्या तीन गोट्या एका ओळीत आल्या की तिकडी झाली. मग समोरच्याची एक उचलायची. ज्याच्या दोनच उरल्या तो हरला.

घरांना नावं हवीत, नाहीतर पत्रातून शिकवणार कसं? प्रत्येक चौकोनाला आठ घरं आणि देवानं दिशाही आठच केल्या आहेत. म्हणून बाहेरची उत्तर, मधली ईशान्य, आतली पूर्व, असं म्हणायचं.

चहाचं आधण उकळेपर्यंत डाव संपतो असा हा खेळ. टपालातून तो आपल्याला पावसाळ्यापर्यंत पुरेल.

महालिंगप्पा


बेंबळी, चैत्र शुद्ध ८

ती. अण्णांना नागम्माचे शरणार्थी.

पट काढला. ईशान्य कुठली ते कळेना, म्हणून पाट उचलून अंगणात नेला आणि सूर्य बघितला. तुमच्या दिशा चुलीपुढं चालत न्हाईत अण्णा. आता एका कोपऱ्याला हळद लावून ठेवली आहे, ती ईशान्य.

रोज दुपारी नीलम्मा आत्याबाई येते, तिच्याशी खेळते. ती आमच्या गावच्या दुकानवाल्या शंकरप्पाची सख्खी आत्या, पण त्याच्या घरी तिला कोणी विचारत न्हाई. दात गेलेत, नजर शाबूत आहे. आधी हरत होते, आता ती हरते आणि गोट्या म्हणून घेतलेल्या माझ्या कवड्यांना शिव्या देते.

आमच्या गावची रीत तुम्हाला ठाऊक नसंल. मठाच्या ओट्यावर दगडात पट कोरलेला आहे. वर्षभर तिथं पुरुष बसतात, बाईनं त्या बाजूला बघायचंसुद्धा न्हाई. पण नागपंचमीला ओटा बायकांचा. झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि त्या दिवशी बाईनं ज्याला पटावर बोलावलं त्यानं यायचंच. पुरुष हसत येतात, हसत हरतात, लाडू देतात आणि जातात.

शंकरप्पाची लेक मुरुमला दिलेली आहे. लेकीकडं आला की तो तुमच्याकडं खेळायला येतो म्हणे. कसा खेळतो ते लिहा.

नागम्मा


मुरुम, चैत्र वद्य १०, शके १८६७

चि. नागम्मास आशीर्वाद.

अस्सं! म्हणजे बाईसाहेबांना पंचमीला शंकरप्पाकडून लाडू जिंकायचे आहेत. आधी सांगतीस तर मी डबाभर करून पाठवले असते, एवढी विद्या कशाला?

शंकरप्पा येतो खरा. महिन्याकाठी लेकीकडे दोन-तीन दिवस मुक्काम असतो, तेव्हा संध्याकाळी पाठशाळेच्या ओसरीवर पट मांडतो. माणूस सालस आहे. मुलांच्या जेवणाला ज्वारीची पोती पाठवतो आणि त्याचा उच्चार करत नाही. निदान रोज करत नाही. खेळतो बेताचं. घाई करतो, हरायला आला की पान लावत बसतो.

त्यानंच मला कल्याणप्पाच्या पैजेचं सांगितलं. 'शास्त्रीबुवा, बिचारा हरला, आणि गोटी हलवली म्हणून ओरडत बसला.' हे तुझ्या कानावर असेलच. हरलेला माणूस पटाला दोष देतो. आमच्याकडे वादात हरलेले पंडित पोथीला देतात. कल्याणप्पा भला होता, एवढं आठवणीत ठेव आणि बाकीचं सोडून दे.

महालिंगप्पा


बेंबळी, वैशाख शुद्ध २

अण्णा,

माथ्यावर नमस्काराचं शरणार्थी लिहायचं राहिलं असं समजू नका. लिहिलं न्हाई.

तुम्ही ज्याची ज्वारी खाता त्याचं ऐकलंत. आता माझं ऐका.

कल्याणप्पा ह्या गावात नवकंकरीत कधी हरले न्हाईत. शंकरप्पा दर सोमवारी त्यांच्याकडून हरायचा आणि लोक हसायचे. मागच्या श्रावणात तो चिडून म्हणाला, 'आज हरंल त्यानं ह्या ओट्यावर पुन्हा पाय ठेवायचा न्हाई.' हे हो म्हणाले. डाव ह्यांच्या बाजूनं आला. बाहेरची वायव्य आणि बाहेरची उत्तर ह्यांची, तिसरी कवडी बाहेरच्या पूर्वेवर. ती सरकवून बाहेरच्या ईशान्येला नेली की तिकडी. खेळी ह्यांचीच होती. तेवढ्यात लिंगपूजेची वेळ झाली म्हणून हे मठात गेले. आमच्यात पूजेला उठलेल्याचा पट तसाच राहतो, कोणी हात लावत न्हाई.

परत येऊन बघतात तर बाहेरच्या ईशान्येवर शंकरप्पाचा चिंचोका. मघाशी तो मधल्या ईशान्येवर होता. तुम्हीच लिहिलंत, कोपऱ्याला कोपरा जोडायचा न्हाई. तिथून तिथं रेघच न्हाई अण्णा! दोन बोटांचं अंतर, पण रेघ न्हाई.

हे म्हणाले, गोटी तिथं नव्हती. ओट्यावर गाव बसलं होतं. सगळ्यांनी बघितलं होतं. एकानं तोंड उघडलं न्हाई. कंट्रोलची साखर आणि घासलेट शंकरप्पाच्या दुकानातनं मिळतं, बोलणार कोण? वर शंकरप्पाच म्हणाला, 'हरलास तर हरलास, खोटं कशाला बोलतोस?'

डाव गेला. त्यानंतर हे मठाच्या मागच्या बोळानं जायचे. लोक ह्यांच्या माघारी 'खोटा कल्याणप्पा' म्हणायला लागले, पुढं पुढं तोंडावरसुद्धा. मार्गशीर्षात ताप आला. तापातसुद्धा तेच, 'नागे, ती गोटी तिथं नव्हती.' मी म्हणत होते, 'व्हय, नव्हती.' माझं एकटीचं म्हणणं त्यांना पुरलं न्हाई.

मला लाडू नकोत. शंकरप्पानं काय केलं ते त्याच ओट्यावर सगळ्या गावासमोर उघडं पाडायचं आहे. शिकवायचं असलं तर शिकवा.

नागम्मा


मुरुम, ज्येष्ठ शुद्ध १२, शके १८६७

चि. नागम्मास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण मला आधी पाहायचं होतं. तुझ्यावर अविश्वास होता असं नाही. न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाला खोड असते. धूर दिसला तरी तो उठून चुलीत डोकावतो.

शंकरप्पा परवा आला. पट मांडला. मी डाव मुद्दाम तसाच नेला: बाहेरच्या ओळीत माझ्या दोन, तिसरी दारात, आणि त्याची गोटी मधल्या ईशान्येवर. मग म्हटलं, 'थांबा हं शंकरप्पा, तांब्याभर पाणी पिऊन येतो.' आत जाऊन खरोखरच पाणी प्यालो. बाहेर आलो तर शंकरप्पा आढ्याकडे बघत पान चघळत होता आणि गोटी दोन बोटं पुढं गेली होती.

मी खाली बसलो आणि तो डाव हरलो. जाताना त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. 'शास्त्रीबुवा, पोथीत सगळं नसतं!'

मागचं पत्र मी लिहिलं नव्हतं असं समज. ते चुलीत घाल. तुझ्या नवऱ्याला पटाला दोष देणारा म्हणालो, ते वाक्य आधी घाल.

आता काय करायचं ते सांग. आणि शरणार्थी लिहायचं की नाही ते तुझं तू ठरव.

महालिंगप्पा


बेंबळी, ज्येष्ठ वद्य ११

ती. अण्णांना नागम्माचे शरणार्थी.

चुलीत घातलं. त्यावर भाकरीसुद्धा भाजली.

नुसतं जिंकून भागणार न्हाई. मी जिंकले तर गाव म्हणंल, पंचमी आहे, बाईला जिंकू दिलं. त्यानं तेच करायला पाहिजे, त्याच कोपऱ्यात, त्याच दोन बोटांनी, आणि तरी हरायला पाहिजे. मी डावातनं पूजेला उठणार. तो चिंचोका हलवणार. मी येऊन बसणार, आणि हलवलेल्या चिंचोक्यासकट त्याला हरवणार. असा डाव असतो का, ते तुम्ही सांगा.

आत्याबाईला काही सांगितलं न्हाई. ती विचारती, 'रोज त्याच कोपऱ्यात काय गं बघतीस?' मी म्हणते, 'हळद किती उरली बघते.'

नागम्मा


मुरुम, आषाढ शुद्ध ६, शके १८६७

चि. नागम्मास आशीर्वाद.

असतो. पाठशाळेला सुट्टी देऊन दोन दिवस पटावर बसलो. मुलांना वाटलं, मी भाष्य लिहितो आहे.

नीट वाच. बाहेरच्या चौकोनात वायव्य, उत्तर आणि पूर्व तुझी, म्हणजे कल्याणप्पाची होती तशीच. आता तीच मांडणी मधल्या चौकोनातही कर: मधली वायव्य, मधली उत्तर आणि मधली पूर्व तुझी. मधल्या ओळीत तुझी तिकडी होऊ नये म्हणून मधल्या ईशान्येवर त्याचा चिंचोका बसलेला असेल. बाहेरची ईशान्य मोकळी असेल. म्हणजे दारं दोन आणि पहारेकरी एक. बाहेरचं दार राखायला त्यानं तोच चिंचोका उचलून बाहेर नेला, की मधलं दार त्यानंच उघडलं. मधली पूर्व सरकव मधल्या ईशान्येत, तिकडी. मग बाहेरचा चिंचोका उचल, आणि पुढच्या खेळीला बाहेरचीही तिकडी. त्याला रेघेवरून तिथं पोचता येत नाही, कारण दोन्ही वाटांवर तू बसलेली असशील.

कल्याणप्पाकडे मधली ओळ नव्हती. एवढाच फरक. प्रामाणिक माणसाला ती कशाला लागावी?

राहिला प्रश्न, तो चिंचोका मधल्या ईशान्येवर आणेल कशावरून. ते मी पाहतो आहे. मी त्याला सांगितलं, ईशान्य हे साक्षात ईश्वराचं स्थान, मधल्या ईशान्येला पहिली गोटी ठेवणाऱ्याचा पराभव होत नाही. वर एक श्लोकही करून दिला. वृत्त निर्दोष आहे, अर्थ सगळा खोटा. शंकरप्पानं तो पाठ केला आणि गोटी ठेवताना कपाळाला हात लावून म्हणतो. हल्ली लेकीकडचा मुक्काम लांबवून तो रोज जिंकतो, कारण मी रोज हरतो. हरायलाही अभ्यास लागतो. चांगली खेळी दिसत असताना दुसरी करायची म्हणजे मोठं वैराग्य.

आणि मी रोज पाण्याला उठतो. पहिल्या वेळी तो इकडं तिकडं बघून गोटी हलवायचा. आता मी पाठ फिरवताच हलवतो. काल तर मी उंबऱ्यातच होतो. भीड गेली आहे. व्याकरणात या शिकवणीला शब्द नाही, शोधून पाहिला.

पंचमीला त्याला बोलावशील तेव्हा नवशिकी दिस. दिशा विचार.

महालिंगप्पा


बेंबळी, श्रावण शुद्ध ७

ती. अण्णांना नागम्माचे शरणार्थी.

झालं.

पंचमीला उन्हं कलल्यावर मी ओट्यावर गेले आणि शंकरप्पाला निरोप धाडला. बायका कुजबुजल्या, पांढऱ्या कपाळाची ही, हिला खेळायचं सुचतंय. झोके थांबले. सगळ्या भोवती येऊन बसल्या. पुरुष समोर लिंबाखाली, तिथनं ओटा दिसतो.

शंकरप्पा हसत आला. 'काय गं, कल्याणप्पाच्या माघारी तूच का आता?'

'व्हय. कोणीतरी पाहिजे की.'

'लाडू किती लावतीस?'

'पैज मागनं सांगते. जिंकंल त्यानं मागायचं, हरंल त्यानं द्यायचं.'

'माग की, टोपलंभर माग!'

मी कवड्या घेतल्या, त्याला चिंचोके. तुम्ही सांगितलं तसं विचारलं, 'दादा, ही कवडी कोपऱ्याकोपऱ्यानं चालते का?' तो मोठ्यानं म्हणाला, 'न्हाई गं बाई! कोपऱ्याला रेघ हाय का? बघ की डोळ्यानं.' सगळ्यांनी ऐकलं. अण्णा, हे मी ठरवलं नव्हतं, त्याच्या तोंडातनं आलं.

पहिला चिंचोका त्यानं मधल्या ईशान्येवर ठेवला आणि काहीतरी पुटपुटला. तुमचा श्लोक असावा. मी मान खाली घातली.

त्याच्या एका तिकडीला मी एक कवडी दिली, पण मांडणी झाली. बाहेरच्या तीन, मधल्या तीन. खेळी माझी होती. मी म्हणाले, 'पूजेची वेळ झाली, आले.' मठात जाऊन गळ्यातलं लिंग हातात घेतलं. पूजा पुरी केली, घाई केली न्हाई. देवाला काही मागितलं न्हाई. हे माझं काम होतं.

परत आले. बाहेरच्या ईशान्येवर चिंचोका.

कोणी काही बोलेना. लिंबाखालीसुद्धा चिडीचूप, मागच्या श्रावणासारखंच. तो पान लावत होता. मी म्हणाले, 'दादा, चिंचोका चालला वाटतं.'

'तूबी नवऱ्यावानीच बोलायलीस?'

'न्हाई. ते बोलले. मी खेळते.'

आणि मधली पूर्व सरकवून मधल्या ईशान्येत ठेवली. तिकडी.

त्याचा हात पानावरच राहिला. मी बाहेरच्या ईशान्येवरचा चिंचोका उचलला, त्याच्यापुढं धरला आणि विचारलं, 'हा इथं कुठनं आला, एवढं सांगा.' तेव्हा माझ्या मागनं आत्याबाई हसली. आधी बारीक, मग खोकला येईस्तोवर.

'अरं शंकऱ्या,' ती म्हणाली, 'आतनं भाईर आलास व्हय? आत्ताच तर म्हनलास, कोपऱ्याला रेघ न्हाई म्हनून! मी डोळ्यानं बघितलं की रं तुझी दोन बोटं!'

एक बोलली तशा सगळ्या बोलल्या. मी बघितलं, मीबी बघितलं. मग लिंबाखालनं महालिंगप्पा तेली, तुमच्या नावाचा आहे, ओरडला, 'कल्याणप्पाच्या डावातबी ह्योच कोपरा होता!' वर्षानं वाचा फुटली त्याला. मी त्याच्याकडं बघितलं, तसा तो खाली बसला.

डाव मी सोडला न्हाई. शंकरप्पा उठायला लागला, मी म्हणाले, 'बसा. खेळी तुमची आहे.' बाहेरचीही तिकडी झाली. एकेक चिंचोका उचलला. दोन उरले तेव्हा त्याचं धोतर घामानं भिजलं होतं.

तो म्हणाला, 'कळलं. ओट्यावर पुन्हा पाय ठेवत न्हाई.'

मी म्हणाले, 'ते तुम्ही त्यांच्याकडनं मागितलं होतं. मला ते नको. मला रेघ पाहिजे.'

कोणालाच कळेना. मी बोट ठेवून दाखवलं: मधल्या ईशान्येपासनं बाहेरच्या ईशान्येपर्यंत. दोन बोटांची रेघ, दगडात कोरायची. शंकरप्पाला म्हणाले, तुमचा चिंचोका तिथनं चालला न्हवं? मग वाट पाहिजे की त्याला. आणि कोरताना दगडावर पाणी तुम्ही ओतायचं.

पंचमीला काही कापायचं खणायचं न्हाई, म्हणून दुसऱ्या दिवशी बिराप्पा पाथरवटाला बोलावलं. सगळं गाव आलं. शंकरप्पा तांब्या घेऊन बसला, बिराप्पा टाकी मारत होता, आणि दर ठोक्याला आत्याबाई म्हणत होती, 'नीट वत रं, रेघ सोडून सांडतोयस.'

येताना मी मठाच्या पुढच्या वाटेनं आले.

नागम्मा


मुरुम, भाद्रपद शुद्ध १३, शके १८६७

चि. नागम्मास आशीर्वाद.

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं.

शंकरप्पा इथं येऊन गेला. पट मांडला नाही. ओसरीच्या खाली उभा राहून म्हणाला, 'शास्त्रीबुवा, ती तुमची बहीण लागती म्हणं. तुम्हाला सगळं ठाऊक होतं?' मी म्हटलं, 'शंकरप्पा, पोथीत सगळं नसतं.' तो गेला. ज्वारीही गेली. मुलं सध्या दुपारी आंबील पितात आणि शब्द चालवताना पोटात गुरगुरतं. मी त्याला घोष समजतो.

एक गंमत सांगतो. परवा बाजारात तुमच्याकडचे गाडीवान झाडाखाली नवकंकरी खेळत होते. जमिनीवर पट काढला होता, आणि ईशान्य कोपऱ्यात एक जादा रेघ. मी विचारलं, 'ही कशाला?' एकजण म्हणाला, 'ही शंकरप्पाची रेघ. हिच्यावरनं चालला त्यो हरला.' दुसऱ्यानं विचारलं, 'शंकरप्पा कोण?' तिसऱ्यानं सगळं सांगितलं, कल्याणप्पाच्या नावासकट. म्हणजे आता शंकरप्पाचं नाव या खेळात राहणार. आणखी शंभर वर्षांनी एखादा पंडित त्यावर टीका लिहील आणि चुकीची लिहील.

पण नागम्मा, तो ओसरीखाली उभा होता तेव्हा मी त्याला पाहिलं. म्हातारा दिसला. लेकीच्या सासरी त्याला बसायला घोंगडं टाकत नाहीत म्हणे. मीही त्याला वर ये म्हटलं नाही. तो गेल्यावर तांब्याभर पाणी प्यालो, या वेळी तहान नसताना.

पुढच्या पंचमीला बिराप्पाला सांगून ती रेघ चुन्यानं भरून घेता येईल. तू म्हटलंस तर. भागलं असेल तर.

महालिंगप्पा


बेंबळी, भाद्रपद वद्य ९

ती. अण्णांना नागम्माचे शरणार्थी.

ज्वारीचं एक पोतं आमच्या शेतातलं पाठवते आहे. मुलांना पोटभर घाला.

रेघ बुजवता येते का, हे बिराप्पाला मी विचारून ठेवलं होतं, कोरायच्या आधीच. तो म्हणाला, चुना दोन पावसाळ्यांत निघतो, रेघ निघत न्हाई.

मी म्हणाले, मग खोल मार.

नागम्मा